जमिनीचा वापर कोणी ठरवायचा?

(जिल्ह्यातील महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेवर या सत्राचा विषय 'भूमी उपयोग नियोजन आणि स्त्रिया' असा लिहिला आहे. मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारले, की ताई, हा विषय तलाठ्याचा, कृषी अधिकाऱ्याचा, इंजिनिअरचा. आपल्या शिबिरात तो कशासाठी? आपल्याकडे मारहाणीच्या केसेस पडल्या आहेत, पोटगीची प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे प्रश्न आहेत. हे सगळे सोडून नकाशे आणि माती कशाला बघायची?

माझे म्हणणे असे, की मार खाऊन आलेली बाई आपल्या केंद्रात बसते तेव्हा आपण तिला काय विचारतो? राहायला जागा आहे का? नावावर काही आहे का? बहुतेक वेळा ती मान हलवते. माहेरची जमीन भावांच्या नावावर, सासरची जमीन सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. १९८८ साली आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. नवऱ्याने टाकलेल्या बाईने राहायचे कुठे आणि खायचे काय, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या चळवळीच्या पुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधायला निघाले की वाट जमिनीपाशीच येते. आणि जमिनीपाशी आले की दोन प्रश्न येतात. जमीन कोणाच्या नावावर, हा पहिला. त्यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे कोण ठरवते, हा दुसरा. त्यावर आपण फार कमी बोललो आहोत, म्हणून आज बोलायचे.

नागपूरचा नकाशा

आपल्या देशात जमिनीच्या वापराचा राष्ट्रीय पातळीवर विचार करणारी एक संस्था आहे आणि ती आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. 'राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो' असे तिचे लांबलचक नाव. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली १९७६ साली ती स्थापन झाली. देशभरातली माती तपासायची, तिचे प्रकार ठरवायचे, नकाशे करायचे आणि कोणती जमीन कशाला योग्य आहे हे सांगायचे, हे तिचे काम. हे शास्त्रज्ञ जमिनीत माणूसभर खोल खड्डा घेतात, मातीचे थर बघतात, कुठे मुरूम लागला, कुठे चुनखडी लागली, पाणी किती धरून ठेवते, उतार किती, धूप किती, हे सगळे नोंदतात. हे काम महत्त्वाचे आहे आणि त्याची आपल्याला गरज आहे, हे मी आधीच सांगून टाकते. शास्त्राशी आपले भांडण नाही.

पण या संस्थेला हुकूम काढता येत नाही. ती सल्ला देते. राज्यघटनेत जमीन हा विषय राज्यांच्या यादीत आहे. केंद्राने १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ नेमले, २०१३ साली राष्ट्रीय भूमी उपयोग धोरणाचा मसुदा काढला. पण सगळ्या देशाच्या जमिनीचा वापर ठरवणारे एकच कार्यालय आपल्याकडे नाही. प्रत्यक्षात हा निर्णय अनेक ठिकाणी वाटला गेला आहे. नगररचना खाते १९६६ च्या कायद्याप्रमाणे प्रादेशिक योजना करते. औद्योगिक विकास महामंडळ कारखान्यांसाठी जमीन घेते. सुप्याची वसाहत आपण पाहतोच. वन खाते, पाटबंधारे खाते, महसूल खाते, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, प्रत्येकाकडे आपापला नकाशा आहे.

आता नकाशा म्हणजे काय ते जरा हिशेबाने पाहू. नागपूरच्या संस्थेने सगळ्या राज्यांचे मृदा नकाशे केले, ते एकास अडीच लाख या प्रमाणावर. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. हजार हेक्टरचे गाव त्या कागदावर सव्वा सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. तुमचे दोन एकराचे रान साधारण नव्वद मीटर लांब, नव्वद मीटर रुंद धरले, तर त्या नकाशावर ते एक मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे येईल. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा त्यापेक्षा मोठा पडतो. म्हणजे हा नकाशा राज्याला आणि जिल्ह्याला उपयोगी, पण गावातल्या बाईच्या बांधापर्यंत तो पोचत नाही.

संस्थेलाही हे माहीत आहे. म्हणून पुढे एकास दहा हजार या प्रमाणावर नकाशे करण्याचे काम तिने हाती घेतले. त्यात तेच दोन एकर नऊ मिलिमीटरचे होतात, म्हणजे डोळ्यांनी दिसतात. हे चांगले झाले. पण नकाशा कितीही मोठा केला तरी त्यात मातीचा रंग दिसेल, खोली दिसेल, उतार दिसेल. त्या मातीत कोण राबते, तिथून सरपण कोण आणते, तिथली शेळी कोणाची, हे दिसणार नाही. ते दाखवायचे तर कोणीतरी विचारावे लागते, आणि विचारणारा बहुधा पारावर बसलेल्या पुरुषांना विचारून निघून जातो.

'लायक' जमीन आणि 'नालायक' जमीन

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाईचा डोंगर, मुसळधार पाऊस आणि भातखाचरे. उत्तरेला गोदावरी-प्रवरेच्या काठाने खोल काळी जमीन, कालवे आणि ऊस. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच प्रवरानगरला झाली. दक्षिणेला आणि मध्ये पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेड, कर्जत, जिथे बऱ्याच ठिकाणी कुदळ मारली की वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि पाऊस यायचा तर येतो, नाही तर नाही. पाथर्डी-शेवगावकडच्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला का जातात, हे मातीच्या नकाशावर सुद्धा वाचता येते.

मृदा शास्त्रात जमिनीचे आठ वर्ग करतात. पहिले चार नांगरटीला योग्य. पाचव्यापासून आठव्यापर्यंत नांगराला अयोग्य, म्हणजे कुरणाला, झाडांना किंवा तशीच ठेवायला. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण हाच कागद महसुलात आला की त्याचे शब्द बदलतात. तिथे लिहितात पडीक, पोटखराबा, गायरान. आणि पडीक म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, तिथे कोणी काही करत नाही, ही मोकळी जागा आहे, हिच्यावर काहीही आणता येईल.

बायांनो, त्या पडीक जमिनीवर कोण काय करते ते आपण आठवू. सरपण तिथूनच येते. गॅस घरोघर पोचला तरी पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला चूल पेटतेच. शेळी तिथे चरते, आणि भूमिहीन घरात शेळी हीच बाईची बँक. शेण तिथे वेचतात. गवत कापतात, घोळ, तांदुळजा अशी रानभाजी खुडतात. सीताफळे, करवंदे, बोरे तिथून बाजारात जातात. खराटे तिथल्या गवताचे. आणि ज्या घरांना संडास नाही किंवा आहे पण पाणी नाही, तिथल्या बायकांचा आडोसाही तिथेच. यातले एकही काम 'भूमी उपयोग' या रकान्यात लिहिलेले नसते. ज्या जमिनीत नांगर चालतो तिथे पुरुषाचे नाव आणि पुरुषाचा निर्णय. ज्या जमिनीत नांगर चालत नाही तिथे बाईचे श्रम सर्वांत जास्त, पण कागदावर ती जमीन रिकामी. योजना आली की सगळ्यात आधी तीच हातची जाते.

माळढोक अभयारण्याचे उदाहरण घ्या. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या निम्म्याएवढे क्षेत्र. कर्जत, श्रीगोंदा, नेवासे या आपल्या तालुक्यांतली वस्तीची गावे, शेते, बाजार सगळे त्या रेषेच्या आत आले. पक्षी वाचलाच पाहिजे, त्याच्याबद्दल वाद नाही. पण वन्यजीव कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळवता येत नाही. कायद्याचा हा अर्थ बाईच्या बाजूने लावून बघा. एखाद्या नवऱ्याने जिवंतपणी राजीखुशीने बायकोला दोन एकर द्यायचे म्हटले, तरी कायद्याचे अक्षर आडवे येते. नवरा मेल्यावरच तिचे नाव लागायचे. नकाशावर रेषा ओढणाऱ्याच्या मनातही हे आले नसेल. पुढे बऱ्याच वर्षांनी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. एवढी मोठी रेषा ओढताना आत कोण राहते हे विचारले असते, तर पक्ष्याचेही भले झाले असते आणि माणसांचेही.

पाणलोटाची शिकवण

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गावाने स्वतः जमिनीच्या वापराचे नियोजन केल्याची देशाला माहीत असलेली उदाहरणे आपल्याच जिल्ह्यातली आहेत. राळेगणसिद्धी आहे, हिवरे बाजार आहे, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातले संगमनेर तालुक्यातले दरेवाडी आणि म्हसवंडी आहे. माथा ते पायथा काम करायचे, वर चर खणायचे, खाली बंधारे घालायचे, पाणी जिरवायचे, हे आता लहान मुलांनाही माहीत आहे. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाचा आणि भूजलाचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे, कोणते नाही, हे ठरवते. ऊस नको, शेतीसाठी बोअरवेल नको, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. नागपूरच्या नकाशाला जे जमत नाही ते ग्रामसभेला जमते, कारण तिथे ठरवणारा आणि पाळणारा एकच असतो. ज्या गावात टँकर यायचा तिथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, तो याच कामामुळे. हे श्रेय मोठे आहे आणि ते आपण मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

हे सगळे चर आणि बांध खणले कोणी, हेही विसरायला नको. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामावर घमेली वाहणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. नाल्यांवरचे बांध, पाझर तलाव, रस्ते बायकांच्या हातांनी झाले. मातीची हालचाल त्यांनी केली, पण माती कुठे हलवायची हे ठरवायला त्यांना कोणी बोलावले नाही.

आता आपला प्रश्न विचारू. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे या सगळ्या गावांचे नियम. डोंगर हिरवा व्हायचा तर ते लागतातच. पण चराई बंद झाली की शेळ्या कोणाच्या विकाव्या लागतात? धनगर-ठाकर वस्तीवरच्या आणि भूमिहीन घरातल्या बाईच्या. कुऱ्हाड बंद झाली की सरपणाला दोन मैल लांब कोण जाते? डोंगर पाच वर्षांनी हिरवा झाला आणि विहिरीला पाणी वाढले, तेव्हा ते पाणी मिळाले विहीर असणाऱ्याला. झळ ज्यांनी सोसली त्या वेगळ्या आणि लाभ ज्यांना झाला ते वेगळे. काही ठिकाणी हे लक्षात आले. पाणलोट समितीबरोबर बचत गट आले, गावाची संयुक्त महिला समिती आली. जिथे बायकांना आधी विचारले तिथे डोंगराचा एक भाग चराईला खुला ठेवून बाकीचा आळीपाळीने बंद करायची वाट निघू शकली. आधी विचारायचे की नंतर, एवढाच फरक, पण त्यावर एखाद्या घराची शेळी राहते की जाते हे ठरते.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या संघटनांनी बोललीच पाहिजे. या आदर्श गावांच्या सूत्रांत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांच्याबरोबर नसबंदीही आहे. कुटुंब लहान असावे हे आपल्यालाही मान्य आहे. पण नसबंदी कोणाची? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले. नवऱ्याने करून घेतली अशा स्त्रिया ०.३ टक्के. जमिनीचा भार कमी करायचा म्हणून गाव नियम करते आणि तो नियम बाईच्या पोटावर टाक्यांनी लिहिला जातो. दारूबंदीसाठी बायका रस्त्यावर आल्या, ती त्यांची स्वतःची मागणी होती. या मागणीत त्यांचा आवाज किती होता, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

सात आणि बारा

आपण सातबारा म्हणतो, पण ते गावचे दोन नमुने आहेत. सात नंबरचा नमुना म्हणजे हक्काची नोंद, जमीन कोणाची. बारा नंबरचा नमुना म्हणजे पिकांची नोंद, जमिनीत काय पिकते. बाईचे सगळे आयुष्य बारामध्ये जाते. बाजरी तिने पेरली, तिने खुरपली, तिने काढली. पण त्या नमुन्यात पिकाचे नाव आहे, क्षेत्र आहे, पाण्याचे साधन आहे. राबणारीसाठी रकाना नाही. आणि सातमध्ये तिचे नाव नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत स्त्रिया १४ भरल्या, आणि त्यांच्याकडे क्षेत्र होते १२ टक्क्यांच्या आत. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी ६५ जणी शेतीत होत्या, त्यांतल्या ४१ शेतमजूर.

हे नाव सातवर का हवे? भांडणात उपयोगी पडते, कर्ज मिळते, नुकसानभरपाई मिळते, हे आपण सांगतोच. पण नियोजनाच्या दृष्टीनेही ते हवे. योजना आखताना खातेदाराला नोटीस जाते, खातेदाराची हरकत ऐकली जाते, खातेदाराची संमती घेतात. २०१५ पासून मातीच्या तपासणीची आरोग्यपत्रिका येते ती खातेदाराच्या नावाची. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर होते, तीही खातेदाराच्या नावाने. नाव नाही ती या सगळ्या व्यवहारात नाही. कोणत्या वावराला कोणते बी चालते हे जिला माहीत, तिला माती तपासणीचा कागद दाखवायची कोणाला गरज वाटत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो संग्रह केला तो शाळेत न जाता केला. २०२० साली हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांबरोबर त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गावोगावी असे ज्ञान असलेल्या बायका आहेत. नियोजनाच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

कायदा आपल्या बाजूला हळूहळू आला आहे. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम केली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली. १९९२ साली सरकारने परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव लावायची सोय केली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. पण परिपत्रक नवऱ्याच्या मर्जीवर आणि कायदा भावाच्या मर्जीवर अडतो. रक्षाबंधनाची साडी आणि हक्कसोडपत्र यांचा हिशेब तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आज गावात काय चालले आहे

हे सगळे आजच का बोलायचे, तर आज गायरानाचा वापर बदलतो आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तिचा पहिला प्रयोग राळेगणसिद्धीला झाला. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. सरकारी जमीन, म्हणजे बऱ्याच गावांत गायरान, यासाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येते. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरवले आहे. दिवसा वीज आली तर रात्रीबेरात्री, बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जावे लागणार नाही, आणि त्या भीतीत बायकाही असतात. तेव्हा सौर पॅनेलला सरसकट विरोध करा असे मी म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी बघा. खाजगी जमिनीचे भाडे जाईल ते सातबारावर नाव असलेल्याला. त्या वावरात खुरपणारीची मजुरी गेली, तिला भाड्यातला रुपया नाही. आणि गायरानाला कुंपण पडले, तर शेळीवालीला भाडेही नाही आणि चराईही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असे राज्यांना बजावले आहे. गायरान हे कोणाचे नाही असे नसते, ते गावाचे असते. आणि गावात बाया धरलेल्या आहेत.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळे बसवून गावाचा नकाशा काढायला सांगितला. जमिनीवरच, राखेने आणि भुश्श्याने. पुरुषांनी रस्ता काढला, ओढा काढला, मंदिर काढले, गटनंबरवार शेते काढली, कोणाची विहीर किती फूट खोल तेही सांगितले. बायकांच्या नकाशात शेते थोडी आणि बांध पुष्कळ. कोणत्या बांधावर गवत, कोणत्या बाभळीखाली शेंगा पडतात, डोंगरावरून येणारी पायवाट, कपडे धुवायचा दगड, सांजवेळी जायची जागा. पुरुषांच्या नकाशात गायरानाचा तुकडा कोरा होता. बायकांच्या नकाशात तोच सगळ्यात गजबजलेला. दोन्ही नकाशे एकाच गावाचे होते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात जाणारा मात्र पहिला.

आपण काय करायचे

पहिले काम, गावनकाशा मिळवायचा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो, आता संगणकावरही पाहता येतो. त्यावर गायरान, वन, ओढे, रस्ते यांचे गटनंबर वाचायला शिकायचे. हे अवघड नाही. भरतकामाचा नमुना वाचणाऱ्या बाईला गटाची हद्द वाचता येते.

दुसरे, त्या नकाशावर बायकांचा वापर भरायचा. सरपण कुठले, चारा कुठला, कोणत्या महिन्यात, किती घरांचा. भूमिहीन घरातल्या, दलित आणि आदिवासी वस्तीवरच्या, एकट्या राहणाऱ्या बायकांना आधी बसवायचे. जमीनवाल्या घरच्या बायकांचा नकाशा म्हणजे साऱ्या बायकांचा नकाशा नव्हे.

तिसरे, हा नकाशा महिला सभेत मांडायचा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेतली पाहिजे असे आपला कायदा सांगतो. ती कागदावर उरकतात, आपण ती खरी भरवायची आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्यायचा. गायरान देण्याचा, चराई बंद करण्याचा, चर खणण्याचा कोणताही ठराव त्याआधी होऊ द्यायचा नाही. गाव विकास आराखडा दरवर्षी होतो, त्यातही हे घालायचे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. निवडून आलेल्या मैत्रिणींकडे ही पहिली मागणी.

चौथे, जमिनीचा वापर बदलून पैसे येणार असतील, तर त्यातला भाग ज्यांचा वापर तुटला त्यांच्यासाठी मागायचा. पंचायतीला मिळणाऱ्या रकमेतून चाऱ्याची सोय, शेळ्यांसाठी राखून ठेवलेली जागा, सरपणाची झाडे.

पाचवे, शास्त्रज्ञांना बोलवायचे. राहुरीचे कृषी विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे, नागपूरची संस्था आपल्या राज्यात आहे. आमच्या गावच्या मातीचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा मराठीत समजावून सांगा, असे पत्र महिला मंडळाच्या नावाने जाऊ द्या. ते मातीबद्दल सांगतील, आपण वापराबद्दल सांगू. राष्ट्रीय संस्थेची खरी भूमिका मला यातच दिसते. तिने ठरवून खाली पाठवण्यापेक्षा, ठरवणाऱ्या गावाला ज्ञान पुरवावे. आणि गाव म्हणताना त्यात बाया मोजाव्यात.

आणि सातबारावरच्या नावाचे काम तर चालू ठेवायचेच. २०२४ साली आपल्या जिल्ह्याच्या नावात एक बाई आली, चौंडीच्या अहिल्यादेवी, ज्यांनी विहिरी, बारवा, घाट बांधले. म्हणजे जमीन आणि पाणी कुठे कसे वापरायचे हे त्या ठरवत होत्या. जिल्ह्याच्या पाटीवर बाईचे नाव आले, आता ते गावच्या सात नंबरच्या नमुन्यात आणायचे आहे.

पुढच्या तिमाही बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावचा गावनकाशा आणि एका गायरानाचा गटनंबर घेऊन यावे. चहा झाला की नकाशे जमिनीवर पसरू आणि कामाला लागू.